कॅमेरा घडवणारा मेस्त्री

कोल्हापूरच्या माणसाला बंद यंत्र फार वेळ बघवत नाही. ते उघडून आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ऑइल इंजिन असो, उसाचा चरक असो, नाहीतर गणपतीसमोरच्या देखाव्यातला सोंड हलवणारा हत्ती असो. आतले दाते कसे फिरतात हे एकदा कळले की तो स्वतःच तसले एक यंत्र करायला बसतो. आमची राजारामपुरी शिवाजी उद्यमनगराला लागून आहे. इथल्या गल्ल्यांतून राहणाऱ्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष सकाळी डबा घेऊन तिकडे जायचा आणि संध्याकाळी लोखंडाच्या वासासकट घरी यायचा. मीही त्यांतलाच. चाळीस वर्षे लेथवर उभा राहिलो आणि आता निवृत्त होऊन गल्लीतल्या कट्ट्यावर बसतो.

असल्या माणसाने रविवारच्या पानावर सायबरपंकविषयी लिहावे हे थोडे गमतीचे वाटेल. पण घरात नातवंडे असली की आजोबांची आवड त्यांच्या वाटेने वाहू लागते. आमच्या नातवाने मला आधी चित्रपट दाखवले, मग त्याच्या संगणकावरचा खेळ दाखवला आणि शेवटी मीच त्याच्याकडून पुस्तकाची गोष्ट समजावून घेतली. सायबरपंक हा विज्ञानकथेचाच एक प्रकार. ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाची याच नावाची कथा १९८३ साली छापून आली आणि नाव रूढ झाले. यात अवकाशयानांच्या स्वाऱ्या क्वचितच असतात. असते ते एक अफाट शहर. वर झगमगते दिवे, खाली चिखल. यंत्रे अचाट, पण सामान्य माणसाचे हाल तेच. आणि त्या शहरात कुणीतरी एक हिकमती माणूस असतो, जो मोठ्या कंपनीचे यंत्र उघडतो आणि आपल्या कामाला जुंपतो.

यातली माझी आवडती चार नावे सांगतो. पहिला चित्रपट रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’, १९८२ सालचा. फिलिप के. डिक या लेखकाच्या १९६८ च्या कादंबरीवरून तो केला होता. बिचारा लेखक चित्रपट लागण्याआधी चारेक महिने वारला. त्यात कारखान्यात बनवलेली माणसे आहेत आणि त्यांना आयुष्य दिले आहे फक्त चार वर्षांचे. दुसरे पुस्तक विल्यम गिब्सनचे ‘न्यूरोमॅन्सर’, १९८४ चे. संगणकांच्या जाळ्यात शिरणाऱ्या चोराची ही गोष्ट लेखकाने हातटंकयंत्रावर लिहिली, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटली. तिसरा ‘घोस्ट इन द शेल’ हा १९९५ चा जपानी चित्रपट. आणि चौथा पोलंडमधल्या मंडळींनी केलेला, डिसेंबर २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ.

या चौघांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती यंत्राची नाही. ती कर्जाची आहे. ‘न्यूरोमॅन्सर’मधल्या चोराचे बिघडलेले शरीर दुरुस्त करून देतात, पण काम पुरे होईपर्यंत सुटू नये म्हणून त्याच्या शरीरात विषाच्या पिशव्या ठेवून देतात. जपानी चित्रपटातल्या नायिकेचे शरीर सरकारी खर्चाने घडवलेले. नोकरी सोडली तर ते परत करावे लागणार. खेळातल्या नायकाला नवे डोळे मिळतात ते उधारीवर. ‘ब्लेड रनर’मधली माणसे तर आपल्याला घडवणाऱ्या मालकाकडे चार दिवस वाढवून मागायला जातात. साहित्य नवे, पण वही सावकाराचीच.

हे ध्यानात आले आणि मला आमच्याच गावच्या एका माणसाची आठवण झाली. त्याने यंत्र उघडलेही होते आणि सावकाराची गोष्टही सांगितली होती, ती सुद्धा १९२५ साली. त्याचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखते.

बाबूरावांचा जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९० चा. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूड, लोखंड, रंग, माती, कशालाही हात घातला तरी त्यांचा हात चालायचा. कलाशाळेचे दार न पाहता बाबूराव चित्रकला शिकले ते घरातच. बरोबर होते चुलतभाऊ आनंदराव. डोक्याने यंत्राकडे ओढ असलेले. दोघे भाऊ संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. तो काळ कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला यांना इथे आसरा होता. केशवराव भोसल्यांसारखे नटश्रेष्ठ गावात होते आणि चांगल्या पडद्याला चांगली किंमत होती. राजवाडा, अरण्य, रस्ता, दरबार असे सारे जग कापडावर उभे करायचे आणि समोर दिवा असा लावायचा की सपाट कापडाला खोली यावी. या कामात दोघांचे नाव झाले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच आडनाव झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हा चित्रपट पाहून देशभर पुष्कळांनी तोंडात बोटे घातली. या दोघा भावांनी मात्र हलती चित्रे आपणही करायची असे ठरवले. पण करायची कशाने? कॅमेरा परदेशातून यायचा, त्याची किंमत पडदे रंगवणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्यावर चित्रपटांचे खेळ दाखवता दाखवता त्याचा अभ्यास सुरू केला. प्रोजेक्टर चित्र बाहेर फेकतो, कॅमेरा ते आत घेतो. पण फिल्म पुढे सरकवायची युक्ती दोघांतही जवळजवळ एकच. हे ज्याला कळले त्याला अर्धी वाट सापडली.

ती युक्ती वाचकांना थोडी सांगतो, कारण यातले कष्ट लेथवाल्यालाच कळतात. फिल्म सरळ वाहत गेली तर चित्र पुसट होते. तिला क्षणभर थांबवावे लागते. थांबली की पुढची झडप उघडते, उजेड आत येतो, झडप मिटते आणि मिटलेली असतानाच एक नखी फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला बरोबर एका चित्राइतके खाली ओढते. मूकपटाच्या काळात हे दर सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हावे लागे, आणि तेही हाताने फिरवलेल्या दांड्यावर. भोकाला नखी केसभर चुकली तर फिल्म फाटते किंवा पडद्यावर चित्र थरथरते. आज संगणकावर चालणारी यंत्रे हे काम डोळे मिटून करतील. त्या काळी कानस, हातलेथ आणि नजर एवढेच भांडवल होते.

आनंदरावांनी या कामाला वाहून घेतले होते. पण कॅमेरा पुरा होण्याआधीच, १९१६ साली, त्यांचे निधन झाले. बाबूरावांचे वय तेव्हा सव्वीस. ज्याच्या भरवशावर स्वप्न पाहिले तोच गेला, हाती उरले अर्धवट सांगाडे आणि आकृत्या. कुणीही इथे थांबले असते तर गावाने नाव ठेवले नसते. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले हा यंत्रात रमणारा शिष्य त्यांच्या बरोबर होता. दोघांनी मिळून काम पुढे नेले आणि १९१८ साली कोल्हापुरात घडवलेला तो कॅमेरा चालू झाला. कॅमेऱ्याचे काम चालू असतानाच, १ डिसेंबर १९१७ रोजी, महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होती. तिला पहिले भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. पुरुष सावकारांची तिजोरी उघडण्याआधी एका कलावतीने हात सैल सोडला, ही गोष्ट आपण फार क्वचित सांगतो.

कंपनी म्हणजे एक घरच होते. दामले, साहेबमामा फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, पुढे व्ही. शांताराम, कुणी नोकर म्हणून ठरावीक काम करणारा नव्हता. सुतारकाम, रंगकाम, फिल्म धुणे, छापणे, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभे राहणे, सगळ्यांनी सगळे करायचे. बाबूराव प्रत्येक प्रसंगाचे चित्र आधी कागदावर काढत. पात्र कुठे उभे राहणार, वस्त्र कसे असणार, उजेड कुठून येणार हे त्या चित्रात ठरलेले असे. रंगवलेला पडदा मागे टांगायची नाटकातली रीत त्यांनी मोडली आणि माणूस ज्यात वावरू शकेल असे भरीव देखावे उभे केले. ज्याने आयुष्याची सुरुवात पडदे रंगवण्यात केली, त्यानेच पडदा काढून टाकला.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो लागला. फाळक्यांना सुरुवातीला बायकांची कामे पुरुषांकडून करून घ्यावी लागली होती. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर आणले. पुढे त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. या कामापायी त्यांना आपल्याच माणसांनी वाळीत टाकल्याचे सांगतात. चित्रपटाची कीर्ती मोठी झाली, पण तिची किंमत पहिल्यांदा चुकवली ती या दोन बायकांनी. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले.

पुढची पाच वर्षे म्हणजे झपाटा होता. ‘सुरेखाहरण’ १९२१ चा. त्यातून शांताराम पहिल्यांदा पडद्यावर आले. १९२२ चा ‘दामाजी’, १९२३ चा ‘सिंहगड’. ‘सिंहगड’मध्ये रात्रीचे प्रसंग कृत्रिम दिव्यांच्या उजेडात घेतले. तोवर आपल्याकडे सूर्य हाच काय तो दिवा होता. मुंबईत या चित्रपटाला अशी झुंबड उडाली की सरकारचे लक्ष तिकीट खिडकीकडे गेले आणि करमणूक कर आला, असे मानतात. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळाले. त्याच चित्रपटासाठी बाबूरावांनी काढलेले रंगीत भित्तिपत्रक हे आज हाती असलेले सर्वांत जुने भारतीय चित्रपट पोस्टर समजले जाते. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याची कल्पनाही त्यांचीच. ‘ब्लेड रनर’मधल्या इमारतीएवढ्या हसऱ्या जाहिराती पाहताना नातू थक्क झाला होता. मला मात्र भिंतीवर चित्र चिकटवून माणसाला थिएटरात ओढणारे पेंटर आठवले.

आणि मग १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला.

देवादिकांच्या आणि इतिहासाच्या कथा लोक डोक्यावर घेत होते. त्याच वाटेने गेले असते तर गल्ला भरत राहिला असता. बाबूरावांनी एका साध्या शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो, तरुण शेतकरी देशोधडीला लागतो आणि शहरात येऊन गिरणीकामगार होतो. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली, सावकार झुंजारराव पवारांनी आणि शेतकऱ्याची बायको कमलादेवींनी. त्यात अंधारात बुडालेली एक झोपडी आणि बाहेर भुंकणारे कुत्रे असे एक दृश्य होते. चित्रपट मुका, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनातून ते कुत्रे पुढे अनेक वर्षे गेले नाही. तिकीट खिडकीवर मात्र चित्रपट पडला. लोकांना आपलेच दुःख पैसे देऊन पाहायचे नव्हते.

दोन वर्षांनी, १९२७ साली, जर्मनीत फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ आला. वर श्रीमंतांची बाग, खाली यंत्राला जुंपलेले कामगार. सायबरपंकची सारी शहरे या चित्रपटातून निघाली असे जाणकार सांगतात आणि ते खरेच आहे. पण जमीन कागदावर गमावून माणूस गिरणीच्या दारात कसा येऊन उभा राहतो, ही आधीची पायरी कोल्हापुरात १९२५ सालीच दाखवली गेली होती. आम्हा राजारामपुरीकरांना ती गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोटीतीर्थावरच्या शाहू मिलचा भोंगा ऐकत आमच्यातली कित्येक घरे वाढली आणि त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारले तर गावाकडची जमीन कशी गेली याची एक तरी हकीकत निघतेच.

बाबूरावांचे स्वतःचे काय झाले? कॅमेरा त्यांनी हाताने घडवला, पण कंपनी चालायला भांडवल लागते आणि भांडवलाला मालक असतो. भागीदारांशी मतभेद वाढत गेले. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या शिष्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह वेगळी वाट धरून कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. थोड्याच काळात बाबूरावांनाही आपली कंपनी सोडावी लागली आणि ती बंद पडली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला, चित्रपट बोलू लागला. बाबूरावांना बोलपट मनापासून पटला नाही. चित्राने जे सांगायचे ते शब्द सांगू लागले तर चित्राची कला मरेल, अशी त्यांची धारणा होती. माझ्या मेस्त्री डोक्याला यात आणखीही एक गोष्ट दिसते. मूकपटाचा कॅमेरा कानशीने घडवता येत होता. आवाज पकडणारे यंत्र तसे घरी घडवण्यासारखे नव्हते. ते विकतच घ्यावे लागणार होते. ज्याचा सारा अभिमान स्वतः घडवण्यात, त्याला ते गिऱ्हाईक होणे जड गेले असेल.

शिष्यांनी मात्र नवे यंत्र आपलेसे केले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ प्रभातने कोल्हापुरातच केला. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. १९३६ साली दामले आणि फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्याच १९३६ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी आवाजासह. न चाललेली गोष्ट अकरा वर्षांनी दुसऱ्यांदा सांगायला निघालेला हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याला गल्ल्याशी घेणे नव्हते, गोष्ट पोचवायची होती. पुढे ‘प्रतिभा’ आला, १९४७ साली शांतारामांच्या बरोबरीने ‘लोकशाहीर रामजोशी’, १९५२ साली ‘विश्वामित्र’. पण तो जुना झपाटा परत आला नाही.

तेव्हा हात पुन्हा मातीकडे वळले. ब्रश आणि शिल्प यांनी त्यांना कधी सोडले नव्हते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला छत्रपतींचा पुतळा त्यांच्या हातचा. तिथे आधी विल्सन या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ साली त्या जागी शिवराय उभे राहिले. रोज हजारो माणसे त्या चौकातून रिक्षाने, दुचाकीने जातात. नमस्कार करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हा घडवणारा हात पहिल्या कोल्हापुरी कॅमेऱ्याचाही होता?

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच बाबूराव गेले. खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीचा कॅमेरा मानस्तंभ आहे. १ डिसेंबरला चित्रपटक्षेत्रातली मंडळी तिथे जमून अभिवादन करतात.

पण स्तंभाने समाधान होत नाही, कारण मूळ काम हरवले आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती ठिणगी पडली की भडकते आणि नुसती ठेवली तरी काही वर्षांत कुजून चिकट होते. बोलपट आल्यावर मूकपटांना कुणी विचारीना. कित्येक रिळे तर त्यांतली चांदी काढण्यासाठी गेली. बाबूरावांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या मूकपटांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले आहेत. ‘सैरंध्री’ नाही. ‘सिंहगड’ नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. आपण त्याच्याविषयी जे बोलतो ते सारे पाहिलेल्यांच्या आठवणींवर आणि मागे राहिलेल्या कागदांवर.

‘मेट्रोपोलिस’चाही मोठा भाग असाच हरवला होता. ऐंशी वर्षे तो कुणी पाहिला नाही. २००८ साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयरीसच्या चित्रपट संग्रहालयात, एक जुनी प्रत निघाली आणि गेलेली दृश्ये परत आली. कुणीतरी, कधीतरी, ती टाकून दिली नव्हती, एवढेच तिचे भाग्य.

म्हणून एक विनंती करतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कागल, इचलकरंजी, कुठल्याही जुन्या वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत, आजोबांच्या कपाटात जुन्या चित्रपटाची पुस्तिका, भित्तिपत्रक, छायाचित्र, पत्र सापडले तर ते रद्दीत घालू नका. पत्र्याचा गोल डबा सापडला आणि त्यातून आंबूस वास आला तर तो उन्हात, विस्तवाजवळ नेऊ नका, घरी उघडून पाहू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. कोल्हापुरी माणसाला बंद वस्तू उघडून पाहायची सवय आहे हे मी सुरुवातीलाच म्हटले, पण ही एक गोष्ट जाणत्याच्या हातूनच उघडलेली बरी.

नातवाच्या पिढीला उद्याच्या शहरांच्या गोष्टी आवडतात, आणि त्यांनी त्या जरूर पाहाव्यात, खेळाव्यात. मात्र त्यांना हेही माहीत असावे की यंत्र उघडून त्याला आपल्या गोष्टीसाठी राबवणारा एक माणूस याच गावात होऊन गेला. त्याने कॅमेरा चालू होताच काही वर्षांत तो सावकाराच्या दाराकडे वळवला आणि पडल्यावरही पुन्हा तिकडेच वळवला.